भावना दुखावल्या म्हणजे लगेच गुन्हा झाला का?

तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. तुम्ही एका धर्मग्रंथातल्या कथेवर पोस्ट लिहिली, त्यात बाईला दिलेली वागणूक आज पटत नाही असं म्हणालात, आणि आता ओळखीतलेच काही जण म्हणतायत की माफीचा व्हिडिओ टाक नाहीतर पोलिसात देतो. आणि तुम्ही विचारताय की बोलायचं स्वातंत्र्य मोठं की दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान मोठा, रेषा नेमकी कुठे. मी फौजदारी वकील आहे, बावीस वर्षं कोर्टात उभा राहतोय, असल्या केसेस दोन्ही बाजूंनी बघितल्यात, आरोपीकडून जास्त आणि तक्रारदाराकडून थोड्या. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, पण निवांत वाचा, कारण यात घाईनं केलेल्या गोष्टीच नंतर अंगाशी येतात.

आधी मूळ गैरसमज काढून टाकू. "माझ्या भावना दुखावल्या" एवढ्यावर आपल्या देशात गुन्हा होत नाही. संविधानाच्या कलम १९(१)(अ) नं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय आणि १९(२) मध्ये त्यावर बंधनं कुठल्या कारणांसाठी घालता येतील त्याची यादी दिलीय. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. संपली यादी. यात धार्मिक भावना हा शब्द नाही. धर्माचा विषय येतो तो मागच्या दारानं, सार्वजनिक सुव्यवस्थेतून. म्हणजे तुमच्या लिहिण्यानं कुणाला वाईट वाटलं हा प्रश्न पुरेसा नाही, ते लिहिणं समाजाची शांतता बिघडवण्याच्या जातीचं आहे का हा प्रश्न आहे. अर्धे वाद इथेच चुकतात.

आता ज्या कलमाची धमकी तुम्हाला दिली जातेय ते बघू. जुन्या भारतीय दंड संहितेतलं २९५अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलम २९९ झालं, मजकूर जवळपास तोच. हे कलम कसं आलं ते माहीत असलं की त्याचा अर्थ आपोआप कळतो, म्हणून सांगतो. १८६० च्या मूळ संहितेत हे नव्हतंच. १९२४ साली लाहोरच्या राजपाल नावाच्या प्रकाशकानं मुस्लिमांच्या प्रेषितांवर एक पुस्तिका काढली, प्रचंड संताप झाला, खटला भरला तो १५३अ खाली, म्हणजे दोन समाजांत वैर पसरवण्याचं कलम. १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी त्यांना सोडलं, कारण हयात नसलेल्या धर्मपुरुषावरची टीका, कितीही वाईट असली तरी, त्या कलमात बसत नाही असं त्यांचं मत पडलं. त्यावर पुन्हा आंदोलन, आणि त्याच वर्षी कायदेमंडळात २९५अ आलं. १९२९ मध्ये राजपाल यांचा त्यांच्याच दुकानात खून झाला, ते वेगळं आणि फार दुःखद प्रकरण.

पण ते विधेयक चर्चेला आलं तेव्हा सभागृहातल्या लोकांना धोका दिसत होता. जीना तेव्हा सदस्य होते, त्यांनी स्वतः सांगितलं की इतिहासाचं काम करणारे, सत्य शोधणारे, धर्मावर प्रामाणिक टीका करणारे यांना संरक्षण राहिलं पाहिजे. म्हणून कलमात शब्द पडले, हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं. दोन्ही लागतात. नुसतं मुद्दाम लिहिलं हे पुरत नाही (तुम्ही पोस्ट मुद्दामच लिहिली ना, झोपेत तर नाही लिहिली), त्यामागे अपमान करून एखाद्या समाजाच्या धार्मिक भावना भडकवायच्या असा वाईट हेतू लागतो. आणि "नागरिकांचा वर्ग" असा शब्द आहे, एक माणूस नाही. ही दोन विशेषणं म्हणजे या कलमाचा जीव आहे, ती काढली तर उरतं ते धर्मनिंदेचं कलम.

आणि ती नसली तर काय होतं हे सीमेपलीकडे दिसतं. पाकिस्तानला वारशात हीच १८६० ची संहिता मिळाली, हेच २९५अ मिळालं. पुढे तिथे १९८२ मध्ये कुराणाच्या विटंबनेचं २९५ब आणि १९८६ मध्ये प्रेषितांच्या अपमानाचं २९५क जोडलं, आणि २९५क मध्ये आडून, सूचकपणे, अप्रत्यक्षपणे बोललेलंही येतं, हेतूची अटच लिहिलेली नाही, शिक्षा मृत्यूपर्यंत. आसिया बीबी या शेतमजूर बाईला २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुरावाच नाही म्हणून सोडलं. मधली आठ वर्षं जेल. आणि तिच्या बाजूनं बोलले म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकानं गोळ्या घातल्या. मला जेव्हा कुणी म्हणतं की आपल्याकडचा कायदा अजून कडक करा, हेतूबितू बघत बसू नका, तेव्हा मी हे सांगतो.

आपल्या सुप्रीम कोर्टानं २९५अ ला वैध ठरवलं ते १९५७ च्या रामजीलाल मोदी प्रकरणात, पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ होतं. पण वैध कशामुळे? कारण हे कलम प्रत्येक अपमानाला शिक्षा करत नाही, अपमानाचं अतितीव्र रूप, तेही दुष्ट हेतूनं केलेलं, तेवढ्यालाच करतं, आणि असा अपमान सुव्यवस्था बिघडवण्याच्या रोखानंच असतो, असं कोर्ट म्हणालं. अजाणतेपणी, निष्काळजीपणे झालेला अपमान यात येत नाही हे तिथेच स्पष्ट केलंय. २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीच्या केसमध्ये पुन्हा तेच सांगितलं. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याला विष्णूच्या रूपात दाखवलं होतं आणि त्यावरून फिर्याद झाली होती, कोर्टानं ती रद्द केली. आता बघा, चित्र मासिकानं छापलं आणि कोर्टाच्या वाऱ्या खेळाडूला.

हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या एका अशिलाच्या गोष्टीवरून सांगतो, नाव-गाव सोडून देतो. एकोणीस वर्षांचा पोरगा, आयटीआयला होता. कुणीतरी पाठवलेलं एक व्यंगचित्र स्टेटसला ठेवलं, स्वतःचा एक शब्दही लिहिला नाही. रात्री अकरा वाजता पोलीस स्टेशनसमोर दीडेकशे माणसं. तिथल्या साहेबांना कायदा कळत नव्हता असं नाही, त्यांना ती गर्दी घरी पाठवायची होती आणि सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पोराला आत घेणं. नऊ दिवस आत होता. मग जामीन, मग तारखा, चार वर्षांनी हायकोर्टात केस रद्द झाली, निकाल बघितला तर दुष्ट हेतूचा काही पुरावाच नाही एवढंच दोन परिच्छेदात लिहिलेलं. पण तोवर भरतीचं वय गेलं होतं आणि चारित्र्य पडताळणीत दोनदा नापास झाला होता. निकाल हातात दिला तेव्हा त्याच्या आईनं विचारलं की साहेब आता ती चार वर्षं कुठं मागायची, आणि माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं.

म्हणून मी लोकांना सांगतो की या कलमात शिक्षा निकालात नसते, निकालाच्या आधी असते. २९९ दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, कमाल शिक्षा तीन वर्षं. दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. करू शकतात, केलीच पाहिजे असं नाही, हा फरक फार महत्त्वाचा. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटक गरजेची नसेल तर हजर राहायची नोटीस द्यायची, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची नोटीस. शिवाय याच नव्या संहितेत कलम १७३(३) आलंय, तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत एफआयआर घ्यायच्या आधी डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ ला इम्रान प्रतापगढी यांच्या केसमध्ये, त्यांच्या एका कवितेवरून गुन्हा दाखल झाला होता, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यात ही चौकशी आधी करणंच योग्य. आणि शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेतून बघायचा, ज्याला जिथंतिथं धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या नजरेतून नाही. हे तत्त्व खरं तर स्वातंत्र्याच्या आधीच्या, नागपूरच्या हायकोर्टाच्या निकालातलं आहे, न्यायमूर्ती विवियन बोस यांचं. मी आजही युक्तिवादात ते वाचून दाखवतो.

अजून एक गोष्ट जी तक्रारदारालाही कुणी सांगत नाही. २९९ किंवा १९६ (हे जुनं १५३अ) खाली खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१७. ती नसेल तर कोर्ट दखलच घेऊ शकत नाही. कित्येक फाइली त्या मंजुरीसाठी पडून असतात, आरोपीही लटकतो आणि फिर्यादीही. ज्याच्या भावना खरंच दुखावल्यात त्याला वाटतं आपण केस केली म्हणजे न्याय मिळाला, आणि दोन-तीन वर्षांनी तो मला विचारतो काय झालं हो त्याचं.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही मानाबद्दलही विचारलंय आणि तो भाग मला टाळायचा नाही. दुखावणं खरं असतं. जे लोक म्हणतात "एवढं काय लागायचं त्यात", त्यांना श्रद्धा म्हणजे काय हे कळलेलं नाही. माझ्या ऑफिसला एक सत्तरीचे कीर्तनकार आले होते, त्यांच्या आराध्य दैवतावर एका मुलानं घाणेरडं चित्र आणि खाली बराच मजकूर असं काहीतरी टाकलं होतं. ते रडत होते. केस करायची का विचारलं तर म्हणाले, "नाही, त्याला कळावं एवढंच, मी पन्नास वर्षं रोज सकाळी ज्याच्यापुढं उभा राहतो ते हे आहे." मी म्हटलं मग त्यालाच जाऊन सांगा. गेले ते, एकटे. मुलानं चित्र काढून टाकलं, मजकूर ठेवला, मजकुरात देवस्थानाच्या पैशांच्या हिशोबाचे प्रश्न होते. बुवा मला नंतर म्हणाले की प्रश्न बरोबरच होते त्याचे. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण त्यात चित्र आणि प्रश्न वेगळे झाले. पोलीस मध्ये आले असते तर दोन्ही एकत्रच चिरडले असते.

सुप्रीम कोर्टानंही श्रद्धेला कमी लेखलेलं नाही. तमिळ समाजसुधारक पेरियार यांनी १९५३ मध्ये गणपतीची मातीची मूर्ती जाहीरपणे फोडली, त्यावरची केस १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली, तिथे कोर्ट म्हणालं की एखादी वस्तू ज्यांना पवित्र वाटते त्यांच्या भावनांचा विचार करा, ती श्रद्धा तर्काला पटते का नाही हे तुम्ही ठरवू नका. खालच्या कोर्टांनी ही गोष्ट फारच हलक्यात घेतली असंही म्हणालं. पण फार काळ गेला म्हणून केस पुन्हा सुरू केली नाही. मला हा निकाल पटतो, वस्तूची जाहीर तोडफोड आणि विचार मांडणं यात फरक आहे.

मग रेषा कुठे? माझ्या अनुभवात रेषा विषयावर पडत नाही, रोखावर पडते. श्रद्धेवर बोलताय का श्रद्धाळू माणसांवर? ग्रंथातल्या कथेला, प्रथेला, संस्थेला, पुजाऱ्याच्या किंवा मौलवीच्या वागण्याला प्रश्न विचारणं ही एक गोष्ट. "हे लोक असेच, यांना धडा शिकवला पाहिजे" ही दुसरी. दुसऱ्या प्रकारची एक तक्रार मी स्वतः लिहून दिलीय. मिरवणुकीच्या आदल्या रात्री एका माणसानं पोस्ट टाकली, वरवर बघितलं तर दुसऱ्या धर्माच्या ग्रंथाची चिकित्सा, पण खाली वस्तीचं नाव, प्रार्थनास्थळाचा फोटो आणि उद्या कुठून जायचं याची वाट. मजकूर तोच जर एखाद्या लेखात सहा महिने आधी आला असता तर मी त्याचा बचाव केला असता. २०२० च्या अमीश देवगण निकालात कोर्टानं हेच सांगितलंय, कोण बोललं, काय बोललं, कुठे, कुठल्या प्रसंगी, कुणाबद्दल, हे सगळं एकत्र बघायचं. आणि १९६ साठी तर दोन समाज समोरासमोर यावे लागतात, एकाच समाजाच्या भावनांचा उल्लेख पुरत नाही, हे १९९७ च्या बिलाल अहमद कालू निकालात आहे.

लोक विचारतात की पण दंगल झाली तर जबाबदार कोण, लिहिणाराच ना. इथे मी ठाम आहे. १९८९ मध्ये एका तमिळ सिनेमाच्या केसमध्ये (रंगराजन निकाल) सुप्रीम कोर्टानं म्हटलं की मोर्चे निघतील, मारामाऱ्या होतील या धमकीला घाबरून अभिव्यक्ती दाबता येत नाही, तसं करणं म्हणजे कायद्याचं राज्य गुंडगिरीच्या हवाली करणं, सरकारचं काम बोलणाऱ्याला संरक्षण देणं आहे. बोलणं आणि धोका यांचं नातं दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीसारखं जवळचं पाहिजे. नाहीतर होतं असं की जो समाज शांतपणे सोसतो त्याच्यावर वाट्टेल ते लिहा आणि जो काचा फोडतो त्याच्यावर एक अक्षर नाही. यातून सगळ्यांना धडा काय मिळतो, की काचा फोडा. मागच्या काही वर्षांत सगळ्याच धर्मांतले लोक तो धडा शिकलेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडची परंपरा बघा ना. तुकोबांनी भोंदू साधूंना आणि दगडाशेंदराच्या नवसांना काय काय सुनावलंय, जोतीराव फुल्यांनी अवतारकथा उलट्या बाजूनं वाचून दाखवल्या, आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली पुण्यात, तरी ते लिहीत राहिले. १८६२ चा मुंबईतला महाराज लायबल खटला घ्या. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकारानं वैष्णव महाराजांच्या अनैतिक वागण्यावर लिहिलं, महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला पन्नास हजारांचा. तेव्हा लिखाणाला लावायचं २९५अ नव्हतं, म्हणून कोर्टात चर्चा झाली ती लिहिलेलं खरं की खोटं यावर. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, करसनदास जिंकले. वकील म्हणून मला हा मुद्दा फार टोचतो. बदनामीच्या कलमात अपवाद लिहिलेत, लोकहितासाठी खरं बोलणं हा पहिलाच अपवाद. २९९ मध्ये एकही अपवाद लिहिलेला नाही. सगळं वजन त्या "दुष्ट बुद्धी" वर, आणि बुद्धी दुष्ट होती का हे कोर्टाची पायरी चढल्याशिवाय ठरत नाही. माझं मत विचाराल तर प्रामाणिक टीका आणि अभ्यास हा अपवाद कलमातच स्पष्ट लिहिला पाहिजे, १९२७ मध्ये बोलून दाखवलेली भीती खरी ठरलीय.

आता तुमचं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून, पूर्ण पोस्ट बघितल्याशिवाय छातीठोक सांगत नाही, पण कथेतल्या बाईच्या वागणुकीवर मतभेद हा २९९ चा गुन्हा मला दिसत नाही. समोरासमोर बोलून एखाद्याला मुद्दाम दुखावण्याचं वेगळं कलम आहे, न्याय संहितेतलं ३०२, जुनं २९८, एक वर्षापर्यंत शिक्षा, ते अदखलपात्र आणि जामीनपात्र. बोललेले शब्द, आवाज, हावभाव किंवा नजरेसमोर एखादी वस्तू ठेवणं यासाठीच आहे ते, पोस्टला लावायचं म्हटलं तरी ओढूनताणून.

माफीच्या व्हिडिओबद्दल नीट ऐका. इथेच लोक फसतात. समोरचे मजकूर लिहून आणतात आणि त्यात हमखास एक वाक्य असतं, "मी जाणूनबुजून अमुक धर्माचा अपमान केला." ते वाचू नका. जो हेतू सिद्ध करायला पोलिसांना घाम फुटतो तो तुम्ही स्वतःच्या तोंडानं देताय. धाकानं घेतलेली कबुली कोर्टात टिकत नाही हे खरं, पण ती टिकत नाही हे सांगायला तुम्हाला आधी कोर्टात जावं लागेल. तुम्हाला मनापासून वाटत असेल की एखादा शब्द जास्त कडक गेला, तर तो शब्द स्वतः बदला आणि तसं स्वतःच्या भाषेत लिहा, "हा शब्द टोचला असेल तर वाईट वाटतं, मुद्दा माझा हा आहे." एवढं माणुसकीला पुरे. मुद्दा मागे घ्यायचा का ते तुमच्या मनावर, जिवाची भीती असेल तर पोस्ट काढून टाका, त्यात कमीपणा काही नाही, आधी सुरक्षित राहा. पण काढायच्या आधी पूर्ण पोस्ट, तारीख-वेळ, खालची सगळी चर्चा, तुम्ही दिलेली उत्तरं, याचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारदार दोन ओळी कापून देतो, तुमचा बचाव बाकीच्या वीस ओळींत असतो.

धमक्या आल्यात त्याही जपून ठेवा आणि तुम्हीच आधी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, धमकी हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला श्रद्धेचं कवच मिळत नाही. ३५(३) ची नोटीस आली तर टाळू नका, टाळलीत तरच अटकेला कारण मिळतं, वकील सोबत घ्या आणि ठरल्या वेळी जा. एफआयआर झालाच तर सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामीन, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली, आणि रद्द करून घ्यायला हायकोर्टात कलम ५२८, जुने आकडे डोक्यातून काढा, गडबड होते. वेगवेगळ्या गावांत एकाच पोस्टवर गुन्हे झाले तर ते एकत्र करून मिळतात, त्यालाही वरच्या कोर्टातच जावं लागतं. आणि आज रात्री त्या चर्चेत एकही नवीन उत्तर टाकू नका, कितीही हात शिवशिवले तरी.